गंजायचं नाही आणि करंटही अडवायचा नाही

मागच्या अंकात तांब्या-पितळेच्या भांड्यांवर हिरवं का चढतं यावर लिहिलं होतं आणि शेवटी जाता जाता म्हणून गेलो की न गंजणारा पण वीज वाहून नेणारा पदार्थ बनवणं दिसतं तितकं सोपं नाही. झालं. त्या एका वाक्यावर इतके मेल आलेत की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतोय. हळदीचे डाग आणि फ्रीजचा वास वाल्यांनो, तुमचं पुढच्या महिन्यात, रागावू नका.

प्रश्न : नमस्कार सर, मी डिप्लोमा सेकंड इयरला आहे. आमच्या सरांनी सांगितलं की टायटॅनियम, स्टेनलेस वगैरे गंजत नाहीत कारण त्यांच्यावर ऑक्साइडचा थर असतो. पण ऑक्साइड तर वीज अडवतं ना? मग न गंजणारा कंडक्टर म्हणजे फक्त सोनं आणि प्लॅटिनमच का? की कोणी दुसरं काही शोधलंय?
— एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : तू नेमकं दुखत्या जागेवर बोट ठेवलंयस. टायटॅनियम हा काही स्वभावाने शांत धातू नाही, हवा लागली की लगेच ऑक्सिजन पकडतो, फक्त त्यातून जो थर तयार होतो तो काही नॅनोमीटरचाच असला तरी इतका घट्ट असतो की खालच्या धातूपर्यंत पुढे काही पोचतच नाही. ओरखडा काढ, पुन्हा थर तयार. म्हणून समुद्राचं पाणी, ओला क्लोरीन, असल्या भयंकर ठिकाणी तो टिकतो. आता त्याच टायटॅनियमची पट्टी मिठाच्या पाण्यात बुडवून बॅटरीच्या प्लसला जोड. क्षणभर करंट जाईल आणि मग बंद, कारण तोच थर जाड होऊन आडवा येतो. मायनसला जोडलीस तर मात्र जातो. सायकलच्या ट्यूबच्या व्हॉल्व्हसारखं, एकीकडून हवा जाते, दुसरीकडून नाही, आणि म्हणूनच टायटॅनियम, टँटलम, नायोबियम यांना व्हॉल्व्ह मेटल म्हणतात. म्हणजे ज्या थरामुळे हा गंजत नाही त्याच थरामुळे हा कामाला येत नाही.

ही गाठ ज्याने सोडवली त्याचं नाव हेन्री बेअर. पेटंटांवर त्याचा पत्ता बेल्जियमचा आहे. आपल्याकडे हे नाव इंजिनिअरिंगच्या पोरांनाही माहीत नसतं, आणि खरं सांगायचं तर कॉस्टिक सोड्याच्या धंद्यात आयुष्य काढलेल्या निम्म्या लोकांनाही नसतं.

आधी त्याला हे करावंसं का वाटलं ते बघ. मिठाच्या पाण्यातून करंट सोडला की प्लसकडे क्लोरीन निघतो, मायनसकडे हायड्रोजन आणि मागे कॉस्टिक सोडा राहतो. साबण, कागद, पीव्हीसीचे पाइप, पाण्यात टाकायचा क्लोरीन, सगळं या एका धंद्यावर उभं आहे. मायनसकडे साधं लोखंड चालतं. प्लसकडे मात्र ओला ताजा क्लोरीन आणि वरून करंट, तिथे लोखंड, तांबं, स्टेनलेस काही टिकत नाही, विरघळून जातं. मग साठ-सत्तर वर्षं लोकांनी काय वापरलं तर ग्रॅफाइट. पेन्सिलीतलं असतं तेच, फक्त जाडजूड ठोकळे. ग्रॅफाइट करंट नेतं, क्लोरीनला दाद देत नाही, पण क्लोरीनबरोबर थोडा ऑक्सिजनही निघत असतो आणि तो ग्रॅफाइटला हळूहळू जाळतो. एक टन क्लोरीनमागे साधारण दोन-तीन किलो ग्रॅफाइट गायब. ठोकळा झिजला की प्लस आणि मायनसमधली गॅप वाढते, गॅप वाढली की व्होल्टेज वाढतं, व्होल्टेज वाढलं की वीजबिल.

बेअरने पहिल्यांदा केलं ते १९५०च्या दशकाच्या शेवटी, टायटॅनियमवर प्लॅटिनमचा पातळ थर. गंमत म्हणजे जवळपास त्याच सुमारास इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीत कॉटन नावाचे संशोधकही तिथेच पोचले होते. यात विशेष काय, कल्हई तर आपणही करतो असं म्हणशील. पण कल्हईचं काय होतं, भांड्याच्या तळाला एक ओरखडा पडला, खालचं पितळ उघडं पडलं की त्यात ठेवलेली आमटी कळकते. प्लॅटिनमचा थरही असाच छिद्रांचा असतो, कितीही नीट लावा, सुईच्या टोकाएवढ्या जागा राहतातच, आणि खाली तांबं असेल तर क्लोरीन त्या छिद्रातून आत शिरून सगळं पोखरून टाकतो. खाली टायटॅनियम असलं की त्या छिद्राच्या जागी टायटॅनियम आपला आपण थर धरतो आणि भोक बुजवतो! करंट प्लॅटिनममधून जातो, उघडी जागा स्वतःला सांभाळते. जो थर इतके दिवस अडचण होता तोच आता रखवालदार. टँटलमवर प्लॅटिनम लावायची कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच कुणाला तरी सुचलेली होती, पण टँटलम परवडणार कुणाला. टायटॅनियम बाजारात यायलाच १९४८ उजाडलं, विल्यम क्रोल या लक्झेंबर्गच्या माणसाच्या पद्धतीमुळे, त्यामुळे ही कल्पना चालायला तोपर्यंत थांबणं भागच होतं.

पण प्लॅटिनम महाग, झिजणारा, आणि पाऱ्याच्या सेलमध्ये (म्हणजे मायनसकडे लोखंडाऐवजी पारा असतो त्या टाकीत) चुकून पाऱ्याला टेकला की कोटिंगचं वाटोळं. मग १९६५ साली बेअरने जी उडी मारली ती माझ्या मते या सगळ्या गोष्टीतली खरी हुशारी. वर धातू लावायचाच कशाला? ऑक्साइडच लावू. रुथेनियम नावाचा प्लॅटिनमच्या घरातला एक धातू आहे, १८४४ मध्ये रशियात कझानला कार्ल क्लाउसने शोधलेला, प्लॅटिनमपेक्षा स्वस्त. त्याचं ऑक्साइड हे विचित्र प्रकरण आहे, ऑक्साइड असून धातूसारखी वीज नेतं. आणि ते आधीच ऑक्साइड झालेलं, त्याला आता आणखी गंजायचं म्हणजे काय गंजणार! सगळं जग ऑक्साइडला टाळत होतं, याने त्यालाच कामावर ठेवलं.

दोन वर्षांनी, १९६७ मध्ये, त्याने पुढची पायरी गाठली, रुथेनियम ऑक्साइडमध्ये टायटॅनियम ऑक्साइड मिसळलं. ऐकायला वेडेपणा वाटतो, वीज नेणाऱ्या मालात वीज न नेणारा माल घालायचा, आणि तोही थोडाथोडका नाही, नेहमीच्या मिश्रणात साधारण ३० भाग रुथेनियम आणि ७० भाग टायटॅनियम असतं. पण गावाकडचं मातीचं घर आठव. मातीच्या भिंतीला मातीचंच लिंपण धरतं, सिमेंटचं प्लास्टर मारलं की दोन पावसाळ्यात पोपडे. तसंच इथे, खालच्या टायटॅनियमचा स्वतःचा थर आणि वरचं कोटिंग एकाच जातीचं, दोन्ही ऑक्साइडच्या स्फटिकांची ठेवणही एकच, रूटाइल म्हणतात ती, त्यामुळे ती एकमेकांत मिसळून जातात आणि थर जागा सोडत नाही. करंट न्यायला ३० टक्के रुथेनियम पुरतं, टिकायला बाकीचं.

परीक्षेत आलंच तर लिही, पण बहुतेक येणार नाही.

प्रश्न : साहेब, मी कॉस्टिकच्या प्लांटमध्ये ३१ वर्षं ऑपरेटर होतो, रिटायर होऊन बारा वर्षं झाली. सुरुवातीला आमच्याकडे ग्रॅफाइट होते, मग एकदा टायटॅनियमच्या जाळ्या आल्या आणि सगळं बदललं. त्यावर काळसर रंग दिलेला असायचा, त्याला हात लावू द्यायचे नाहीत. तो रंग म्हणजे नेमकं काय होतं आणि एवढ्या पातळ रंगाने एवढा फरक कसा पडला?
— एक वाचक, अंबरनाथ

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला माझी ट्रेनीची वर्षं आठवली. मी पण सेल हाउसचाच, म्हणजे जिथे मिठाच्या पाण्यातून करंट सोडतात त्या शेडचा माणूस. ग्रॅफाइट बदलायचा शटडाउन म्हणजे काय असतं ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही, काळं तोंड, काळे हात, नाकातून दोन दिवस काळं यायचं, आणि मर्क्युरी म्हणजे पाऱ्याच्या सेलवर तर रोज ॲनोड, म्हणजे प्लसकडचे ठोकळे, थोडे थोडे खाली उतरवत बसायचं, जास्त उतरला की शॉर्ट, कमी उतरवला की साहेब व्होल्टेजचा कागद घेऊन हजर.

तर तो काळा रंग म्हणजेच वरच्या उत्तरातलं बेअरचं मिश्रण. बनवायची पद्धत ऐकलीत तर हसाल, म्हणजे खरोखर रंगकामच आहे. टायटॅनियमची जाळी आधी गरम ॲसिडमध्ये घालून खरखरीत करतात, मग रुथेनियम क्लोराइड आणि टायटॅनियमचं एक सेंद्रिय संयुग अल्कोहोलमध्ये विरघळवून ते पाण्यासारखं पातळ द्रावण ब्रशने किंवा फवाऱ्याने लावायचं, वाळवायचं, आणि हवेत साधारण ४५० डिग्रीच्या भट्टीत भाजायचं. परत लावायचं, परत भाजायचं, असे बरेच हात. शेवटी जाडी किती होते तर काही मायक्रॉन, म्हणजे तुमच्या डोक्याच्या केसापेक्षा कितीतरी कमी. हात लावू देत नसत ते बरोबरच होतं, एवढ्याशा थरात लाखांचा माल.

आणि हा थर सूक्ष्मदर्शकाखाली बघितला तर गुळगुळीत दिसत नाही. मे महिन्यातलं काळं रान बघितलंय ना, भेगाच भेगा, सेम तसं. भाजताना आकसतो म्हणून तडकतो. बघणाऱ्याला वाटावं कोटिंग खराब आहे, पण त्या भेगांमुळेच काम करणारा पृष्ठभाग दिसतो त्याच्या कितीतरी पट होतो, आणि भेगेच्या तळाशी काय आहे तर टायटॅनियम, जो स्वतःला बुजवून घेतो. ज्याला दोष म्हणावं तेच इथे भांडवल आहे.

फरक कसा पडला याचा हिशोब करून दाखवतो, तुम्हाला आवडेल. एक टन क्लोरीन काढायला, फॅरेडेच्या नियमाने, साधारण ७ लाख ५६ हजार अँपिअर-अवर लागतात, यात कुणाला सूट नाही. म्हणून व्होल्टेजमधला प्रत्येक ०.१ व्होल्ट म्हणजे टनामागे सुमारे ७६ युनिट. दिवसाला १०० टनाचा प्लांट धरला तर ०.१ व्होल्टचे रोजचे साडेसात हजार युनिट! ग्रॅफाइटवर क्लोरीन सोडवायला जो जास्तीचा रेटा लावावा लागायचा तो या कोटिंगवर जवळपास नाहीसा होतो, वर गॅप वाढत नाही, बुडबुडे जाळीतून झटकन वर निघून जातात, सगळं मिळून काही दशांश व्होल्ट वाचतात. आता तुमचं वर्षाचं बिल तुम्हीच काढा.

आणि गॅप वाढत नाही यावरूनच त्याला नाव पडलं, डायमेन्शनली स्टेबल ॲनोड, डीएसए, म्हणजे ज्याची मापं बदलत नाहीत असा. बेअरने शोध लावला पण तो सेल हाउसपर्यंत नेला मिलानच्या डी नोरा मंडळींनी. ओरोंझिओ डी नोरा यांची कंपनी १९२३ पासूनची, आणि त्यांचे भाऊ व्हित्तोरिओ यांनी या ॲनोडच्या मागे लागून तो जगभर नेला, अमेरिकेत डायमंड शॅमरॉक कंपनी त्यात होती. बेअरला अमेरिकन पेटंटं मिळेपर्यंत १९७२-७३ उजाडलं, तोवर धंदा जोरात सुरू झालेला होता. आपल्याकडे कारैकुडीच्या सीक्री या सरकारी संस्थेने टायटॅनियमवरचे असे ॲनोड देशात विकसित केले, तो भाग अभिमानाने सांगण्यासारखा आहे, पण त्याचं कौतुक कुणी केलेलं मी फारसं ऐकलं नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत पण सांगतो. तुमच्या प्लांटमध्ये पुढे मेम्ब्रेन, म्हणजे प्लस आणि मायनसची बाजू वेगळी ठेवणारे पडदे, आले असतील. ते पातळ पडदे ग्रॅफाइटच्या शेजारी जगलेच नसते, ग्रॅफाइटची भुकटी आणि रोज बदलणारी गॅप त्यांना चालत नाही. जपानमध्ये नोबेओकाला १९७५ साली असाही केमिकलने मेम्ब्रेनचा प्लांट चालू केला आणि हळूहळू पाऱ्याचे सेल जगातून उठायला लागले. पाऱ्याच्या वाफेतून तुमची-आमची सुटका झाली त्यात श्रेय पडद्याचं आहेच, पण पडद्यामागे हा काळा रंग पण आहे.

प्रश्न : सर, आमच्या सोसायटीत एक सेल्समन आला होता. त्याने नळाच्या पाण्यात दोन कांड्यांचं यंत्र बुडवलं, पाच मिनिटांत पाणी चॉकलेटी गाळाने भरलं, आणि त्याच्या मशीनचं पाणी मात्र स्वच्छ राहिलं. सासूबाई इतक्या घाबरल्या की आता नळाचं पाणी पितच नाहीत. मग दुसरा आला तो अल्कलाइन वॉटरचं मशीन घेऊन, दीड लाखाचं, म्हणे आत प्लॅटिनम कोटेड टायटॅनियमच्या प्लेट्स आहेत. यातलं खरं काय?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, पहिल्या सेल्समनने तुम्हाला फुकटात फार सुंदर प्रयोग दाखवला, फक्त त्याचा अर्थ उलटा सांगितला. तो चॉकलेटी गाळ पाण्यातला नव्हताच. त्याच्या कांडीतला होता. कांडी लोखंडाची, प्लसला जोडली की विरघळते, आणि पाण्यात मिसळून त्याचा गंज होतो, तो गाळ. दुसरी जोडी ॲल्युमिनियमची असली तर पांढरट गाळ येतो, तोही कांडीचाच. नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून करंट जातो, म्हणून कांडी विरघळते. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, करंटच जात नाही, कांडी तशीच राहते, पाणी स्वच्छ दिसतं. पुढच्या वेळी तो आला की त्याच्या त्या स्वच्छ पाण्यात त्याच्यासमोर चिमूटभर मीठ टाका आणि म्हणा आता बुडव. त्याचा चेहरा बघण्यासारखा होईल. (ते यंत्र थेट प्लगवर चालतं, तुम्ही स्वतः हात लावू नका, त्यालाच करू द्या.) सासूबाईंनाही तेव्हा समोर बसवा, माझ्या सांगण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

आणि गंमत अशी की त्याच यंत्रात लोखंडाच्या जागी बेअरच्या कोटिंगची टायटॅनियमची पट्टी लावली तर नळाच्या त्याच पाण्याला रंग येणार नाही, फक्त बुडबुडे दिसतील. न गंजणारा कंडक्टर म्हणजे काय हे एवढ्यात कळतं.

दुसऱ्या सेल्समनने प्लेट्सबद्दल जे सांगितलं ते खरं असू शकतं. अशा मशीनमध्ये प्लॅटिनमचा थर दिलेल्या टायटॅनियमच्या प्लेट्स असतात, कारण पाण्यातून करंट सोडायचा आणि त्यात धातू उतरू द्यायचा नाही म्हटल्यावर दुसरा इलाज नाही, आणि मशीन साफ करायला अधूनमधून प्लस-मायनस उलटे करावे लागतात, ते रुथेनियमच्या कोटिंगला फार मानवत नाही, प्लॅटिनम जास्त सहन करतो. पण प्लेट चांगली आहे म्हणून पाणी औषधी होत नाही ना! मायनसच्या बाजूचं पाणी थोडं अल्कलाइन होतं, ते पोटात गेलं की तिथलं ॲसिड त्याला दोन घोटात सरळ करतं. मधुमेह, सांधेदुखी, कॅन्सर वगैरे जे काय तो सांगत असेल त्याला भक्कम पुरावा नाही. दीड लाख ठेवून द्या. पाण्याची शंका असेल तर आधी लॅबमधून तपासून घ्या, मग ठरवा फिल्टर लागतो का.

प्रश्न : आमचं तीन मजली घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. बांधून २२ वर्षं झाली, स्लॅबचे पोपडे पडून सळ्या दिसायला लागल्यात. एक कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय टायटॅनियमची जाळी लावून करंट सोडू, गंज कायमचा थांबेल. हा चुना लावतोय का? खर्च ऐकून घाम फुटला.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : चुना नाही, पण तुमच्या घरासाठी ते डास मारायला तोफ आणण्यासारखं आहे.

तत्त्व खरं आहे. काँक्रीटच्या आत सळई एरवी सुरक्षित असते, काँक्रीट अल्कलाइन असतं म्हणून लोखंडावर पातळ संरक्षक थर धरतो. खाऱ्या हवेतलं क्लोराइड झिरपत आत गेलं की तो थर ठिकठिकाणी फुटतो, गंज लागतो, गंज फुगतो आणि काँक्रीटला आतून ढकलतो, म्हणून पोपडे. आता सळई गंजताना प्लसची, म्हणजे ॲनोडची भूमिका करत असते. बाहेरून करंट देऊन तिला जबरदस्तीने मायनस बनवलं तर गंजणं थांबतं. कल्पना जुनी आहे, १८२४ मध्ये हम्फ्री डेव्हीने इंग्लंडच्या जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला जस्त आणि लोखंडाचे तुकडे जोडून तांब्याचं झिजणं थांबवलं होतं (तांबं वाचलं, पण त्याचं विष पाण्यात उतरायचं बंद झाल्यावर जहाजाच्या बुडाला शंख-शिंपले भरभरून चिकटले, बिचाऱ्याची फजिती झाली). काँक्रीटच्या पुलाच्या डेकवर हे पहिल्यांदा कॅलिफोर्नियात १९७३ साली रिचर्ड स्ट्रॅटफुल यांनी करून दाखवलं.

अडचण परत तीच, सळई मायनस झाली म्हणजे प्लस कुणीतरी दुसरं व्हायला पाहिजे, आणि जो प्लस होईल तो झिजणार. १९८०च्या दशकात बेअरच्या जातीचं कोटिंग दिलेली टायटॅनियमची बारीक जाळी आली आणि तो प्रश्न सुटला, जाळी काँक्रीटवर बसवून वर प्लास्टर मारून टाकायचं, ती वर्षानुवर्षं प्लस राहते आणि संपत नाही. करंटही फार लागत नाही, सळईच्या एका चौरस मीटर पृष्ठभागामागे साधारण १० ते २० मिलिअँपिअर.

पण "कायमचा" या शब्दाला भुलू नका. करंट चालू आहे तोवरच हे काम करतं, म्हणजे रेक्टिफायर (घरच्या एसी करंटचा डीसी करणारं यंत्र), वायरिंग, वेळोवेळी मोजमाप, आणि सगळ्या सळ्या एकमेकींना जोडलेल्या आहेत ना याची तपासणी, हे कोण करणार? करंट बराच काळ बंद राहिला की संरक्षणही हळूहळू जातं. पूल, जेट्टी, बंदराचे खांब यांना हे परवडतं कारण ते पाडून परत बांधणं त्याहून महाग. तुमच्या घराला आधी एक स्ट्रक्चरल इंजिनिअर दाखवा, हा कॉन्ट्रॅक्टर नव्हे आणि त्याचा मेहुणाही नव्हे, क्लोराइड किती खोल गेलंय ते तपासून घ्या, खराब काँक्रीट सळईच्या मागपर्यंत काढून, सळई साफ करून, चांगल्या मालाने भरा. तिथे जस्ताच्या छोट्या चकत्या सळईला बांधतात, त्या स्वतः झिजतात आणि सळईला वाचवतात, डेव्हीचीच युक्ती, रेक्टिफायर नको नि काही नको. नुसतं वरून प्लास्टर थापून रंग मारू नका एवढं मात्र नक्की, दोन वर्षांत परत मला पत्र लिहाल.

प्रश्न : एवढा मोठा शोध आणि नोबेल नाही?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही. वीज नेणाऱ्या प्लास्टिकला २००० साली मिळालं, हीगर, मॅकडायार्मिड आणि शिराकावा या तिघांना, आणि ते योग्यच होतं. पण कॉस्टिकच्या सेलमध्ये काय रंग लावतात याकडे स्टॉकहोमचं लक्ष जाणं अवघडच. शास्त्रज्ञांचंही जरा उशिराच गेलं, म्हणजे वस्तू धंद्यात धावायला लागल्यावर मिलान विद्यापीठातल्या सर्जिओ त्रासात्ती यांनी सहकाऱ्याबरोबर १९७१ मध्ये रुथेनियम ऑक्साइडवर एक छोटा पेपर लिहिला, त्यात दिसलं की हा पदार्थ कपॅसिटरसारखी वीज साठवूनही ठेवतो, आणि त्यातून पुढे सुपरकपॅसिटरची एक अख्खी शाखा फुटली. आधी कारागिरी, मग थिअरी. असं होतं कधीकधी.

प्रश्न : ग्रीन हायड्रोजनच्या बातम्यांमध्ये इरिडियम इरिडियम ऐकू येतं. त्याचा याच्याशी काही संबंध आहे का? गुंतवणूक करू का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : संबंध आहे, सख्खा भाऊ. पाण्यापासून हायड्रोजन काढताना प्लसकडे क्लोरीनऐवजी ऑक्सिजन निघतो, आणि पडद्यावर चालणाऱ्या एका प्रकारच्या इलेक्ट्रोलायझरमध्ये तिथे वातावरण कडक ॲसिडचं असतं. रुथेनियम ऑक्साइड तिथे सुरुवातीला झकास चालतं आणि मग विरघळायला लागतं. इरिडियमचं ऑक्साइड टिकतं. बेअरच्याच पद्धतीचे इरिडियमचे कोटिंग तांब्याची फॉइल बनवायला, स्टीलच्या पत्र्यावर जस्त चढवायला आधीपासून वापरतात. घोडं अडलंय ते वेगळीकडे, जगात वर्षाला इरिडियम निघतं सातेक-आठेक टन, तेही बहुतेक दक्षिण आफ्रिकेत आणि प्लॅटिनमच्या खाणीतलं जोडउत्पादन म्हणून, म्हणजे भाव वाढला म्हणून कुणी जास्त खणत नाही. त्यामुळे जगभर कमी इरिडियममध्ये कसं भागवायचं यावर डोकी फुटतायत. गुंतवणुकीचं मला विचारू नका, मी २०१० मध्ये सोनं विकून बाइक घेतलेला माणूस आहे.

प्रश्न : माझा नववीतला मुलगा हे सगळं वाचून घरी मिठाच्या पाण्यातून करंट सोडायचा प्रयोग करणार म्हणतोय. करू देऊ का?
— एक पालक, नाशिक

उत्तर : मिठाचा नको. क्लोरीन खरंच निघतो आणि बंद खोलीत तो चेष्टेचा विषय नाही. आणि मुलं हमखास स्टीलचे चमचे लावतात, मिठाच्या पाण्यात प्लसकडचा स्टेनलेसचा चमचा विरघळतो आणि त्यातून क्रोमियमचे विषारी क्षार पाण्यात उतरू शकतात, ते पिवळट पाणी मग मोरीत ओतलं जातं.

त्याऐवजी धुण्याचा सोडा घ्या, पाण्यात दोन चमचे, ९ व्होल्टची बॅटरी, आणि दोन्ही टोकांना सोललेल्या पेन्सिली. प्लगवरचं काही नको, काचेचा ग्लास वर उघडा ठेवायचा, खिडकी उघडी, तुम्ही शेजारी. दोन्हीकडून बुडबुडे येतील, मायनसकडे जास्त. तासाभराने पांढऱ्या बशीत पाणी ओतून बघा, प्लसकडच्या पेन्सिलीची काळी भुकटी तळाला बसलेली सापडेल आणि त्या पेन्सिलीचं टोक बोटाला मऊ लागेल, मायनसकडचं मात्र बऱ्यापैकी तसंच असेल. त्याला विचारा, भुकटी एकाच बाजूला का?